अपत्यशोक आणि ज्ञातिबांधवांचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभी हयात प्राथमिक शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविलेला मी एक सामान्य शिक्षक आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य न शोधता त्यामागील कळकळ तेवढी आपण पाहावी, अशी प्रारंभीच विनंती करतो.

स्नेहसंमेलनातील व्याख्यानाचा विषय मंगल असावा असा आपल्याकडे प्रघात आहे. मी आज जो विषय मांडणार आहे तो मंगल नाही. ज्या आईबापांच्या लेकराने आपल्या हाताने आपले जीवन संपविले, त्या आईबापांनी पुढे कसे जगावे, आणि त्यांना जगता यावे म्हणून आपण ज्ञातिबांधवांनी काय करावे, हा तो विषय होय. असे एकही घर आपल्या ज्ञातीत नसते, तर मी हा विषय काढलाच नसता. परंतु तशी घरे आहेत, हे आपण सारे जाणतो, आणि जाणूनही त्याविषयी बोलत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ माणसांनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांपैकी २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातील होती, आणि देशभरातील या दुर्दैवी जिवांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. हे आकडे कोणत्याही ज्ञातीस वगळून झालेले नाहीत. त्यांत विद्वानांची मुले आहेत, अडाण्यांची आहेत. सधनांची आहेत, निर्धनांचीही आहेत.

हा विषय मला परका नाही. माझा धाकटा मुलगा, ज्यास घरात आम्ही सर्वजण बाळ म्हणत असू, २०१३ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी याच मार्गाने आम्हांस सोडून गेला. तो कसा गेला हे मी सांगणार नाही. तो कसा होता हे मात्र कोणी विचारले तर आनंदाने सांगेन. त्यास पोहण्याचा नाद होता. जुनी मोडी कागदपत्रे वाचण्याची त्यास आवड होती. आईच्या हातच्या शेवयांच्या खिरीसाठी तो सर्वांच्या आधी पाटावर येऊन बसे. एवढे सांगून मी माझ्या घरची कथा आवरती घेतो; कारण आज मला एका घराविषयी बोलावयाचे नसून तशा सर्व घरांविषयी बोलावयाचे आहे.

मरण कोणास चुकले नाही, आणि अपत्याचा मृत्यू हे तर आईबापांवरील सर्वांत मोठे संकट होय. दशरथ राजाने पुत्रवियोगाने प्राण सोडले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु आजाराने वा अपघाताने मूल गेले असता आईबाप दैवास बोल लावतात, देवाशी भांडतात, आणि रडून मोकळे होतात. मूल आपल्या हाताने गेले, म्हणजे दैवास बोल लावण्याची ती सोयही उरत नाही. तेथे शोकाबरोबर आणखी चार पाहुणे घरात शिरतात व ठाण मांडून बसतात. पहिला ‘का?’ हा प्रश्न, दुसरा अपराधाची टोचणी, तिसरा राग, आणि चौथी लोकलज्जा. यांतील पहिले तीन मनातून उठतात. चौथी मात्र आपण बाहेरची माणसे त्या घरी नेऊन पोहोचवितो.

प्रथम ‘का?’ या प्रश्नाविषयी. घटना घडल्यावर जो तो एक कारण शोधू लागतो. परीक्षेत गुण कमी पडले, वडील रागावले, प्रेमभंग झाला, नोकरी मिळाली नाही, डोक्यावर कर्ज झाले, असे काही एक कारण ठरविले जाते व तेच गावभर होते. वस्तुतः एकाच कारणाने असे क्वचितच घडते. थेंबे थेंबे तळे साचे असे आपण म्हणतो. दुःखाचेही तसेच आहे. घागर काठोकाठ भरत आलेली असते आणि शेवटच्या थेंबाने पाणी सांडते. लोकांस तो शेवटचा थेंब तेवढा दिसतो, आणि तो थेंब म्हणजेच सारे कारण असे ते धरून चालतात. कित्येकदा मनाचा दीर्घकाळचा आजार आतल्या आत चाललेला असतो, आणि बाहेरून मूल हसत-खेळत असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन (१९१८–२००९) यांनी आपले आयुष्य याच विषयाच्या अभ्यासात वेचले. त्यांचे प्रतिपादन असे की, अशा माणसास खरे पाहता मृत्यू हवा असतो असे नव्हे. असह्य झालेल्या मनोवेदनेचा शेवट हवा असतो, आणि त्या वेदनेत त्याची दृष्टी इतकी आकुंचित झालेली असते की दुसरी वाट त्यास दिसतच नाही. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे ‘आमच्यावर त्याचे प्रेम नव्हते काय?’ या प्रश्नाचा काटा पुष्कळसा बोथट होतो. अंधारात ज्यास हाताशी असलेले दार दिसले नाही, त्याने घरातील माणसांना नाकारले असे म्हणता येत नाही. क्वचित एखादी चिठ्ठी मागे राहते. तिची पारायणे करूनही उत्तर पुरते सापडत नाही, कारण ती चिठ्ठीही त्याच अंधारात लिहिलेली असते. ‘का?’ हा प्रश्न अनेक वर्षे सोबत राहतो. तो सुटत नाही. परंतु त्याचे ओझे घेऊन चालण्याची पाठीस सवय होते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

दुसरी अपराधाची टोचणी. त्या दिवशी घरी थांबलो असतो तर, तो फोन घेतला असता तर, तो शब्द बोललो नसतो तर, अशी ‘तर’कारांची मालिका प्रत्येक आईबापाच्या मनात रात्रंदिवस चालते. मी शिक्षकाच्या पेशातील एक दाखला देतो. उत्तर डोळ्यांसमोर मांडले म्हणजे कोणतेही गणित सोपे वाटते. पण परीक्षेच्या दालनात बसलेल्या मुलापाशी ते उत्तर नसते. घटना घडून गेल्यावर मागील प्रत्येक गोष्ट खूण वाटू लागते: तो कमी जेवत होता, गप्प होता, मित्रांस टाळत होता. परंतु या वयातील हजारो मुले कमी जेवतात आणि गप्प बसतात, व पुढे सुखाने संसार करतात. आज जे ठाऊक झाले आहे, ते काल ठाऊक नव्हते. आणि काल जे ठाऊक नव्हते, त्याबद्दल कोणताही न्यायाधीश शिक्षा देत नाही. मग आईबापांनीच स्वतःस जन्मठेप का द्यावी?

तिसरा राग. हा राग गेलेल्या मुलावरही येतो, आणि तो आला म्हणून आईबाप आणखी खजील होतात. त्यात खजील होण्याजोगे काही नाही. ज्याच्यावर जीव असतो त्याच्यावरच माणूस रागावतो. कधी हा राग पतीचा पत्नीवर व पत्नीचा पतीवर निघतो. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. एकाच घरात दोघांचा शोक एकाच रीतीने चालत नाही. आईस मुलाविषयी सतत बोलावेसे वाटते, तर बाप कामात डोके घालून गप्प राहतो. किंवा याच्या उलटही असते. बोलणाऱ्यास वाटते, हा पाषाणहृदयी आहे. गप्प राहणाऱ्यास वाटते, ही जखम भरूच देत नाही. दोघेही तितकेच दुःखी असतात. एवढे दोघांनी परस्परांविषयी मानले, तरी अर्धा कलह टळतो. मुलाचे कपडे, पुस्तके, दप्तर यांचे काय करावे, यावरूनही खटके उडतात. त्याबाबत घाई करू नये. ज्यास ठेवावयाचे असेल त्यास ठेवू द्यावे. वर्ष-दोन वर्षांनी त्या वस्तू आपोआप योग्य जागी जातात.

या धामधुमीत मागे राहिलेल्या भावंडांकडे कोणाचे लक्ष जात नाही. येणारा-जाणारा त्यांस सांगतो, ‘आता तूच आईबाबांना सांभाळ.’ दहा-बारा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर केवढा हा भार! त्यासही भाऊ गेला आहे, बहीण गेली आहे. भाऊबीजेच्या संध्याकाळी ताम्हन हातात घेऊन जी मुलगी भावाऐवजी चंद्रास ओवाळते, तिला कोणी जवळ घेऊन ‘त्याची आठवण येते ना?’ एवढे विचारले, तरी ती मोकळेपणाने रडेल. भावंडांस त्यांच्या वयास समजेल अशा शब्दांत खरे काय ते सांगावे. खोटे सांगितलेले बाहेरून केव्हा तरी कळतेच, आणि मग मुलाचा आईबापांवरील विश्वास उडतो.

आता चौथी जी लोकलज्जा, तिच्याविषयी मी थोडे विस्ताराने बोलणार आहे. तिला आपल्या समाजात दोन आधार दिले जातात. एक धर्माचा आणि दुसरा कायद्याचा. हे दोन्ही आधार कितपत खरे आहेत ते पाहू.

धर्माविषयी असे सांगितले जाते की, अशा मृतास गती नाही. स्मृतिग्रंथांत या कृत्याचा कठोर निषेध आहे, हे नाकारता येत नाही. जिवंत माणसास त्या मार्गापासून परावृत्त करावे हा त्यामागील हेतू उघड आहे. परंतु त्याच शास्त्रकारांनी नारायणबलीचा विधी सांगितला आणि दार उघडे ठेवले. त्र्यंबकेश्वरी आजही तो विधी नित्य होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, भाद्रपद वद्य चतुर्दशी ही पितृपक्षातील तिथी शस्त्राने, अपघाताने वा अन्य दुर्मरणाने गेलेल्यांसाठी पूर्वजांनी राखून ठेवली आहे. घरातील पंचांग उघडून पाहा, त्या तिथीसमोर शस्त्रादिहतांच्या श्राद्धाचा उल्लेख आपणांस आढळेल. ज्यांस कुळातून वगळावयाचे असते, त्यांच्यासाठी वर्षाच्या पानावर कोणी तिथी राखून ठेवते काय? आपल्या पूर्वजांनी या जिवांसाठीही पान मांडले आहे. ते पान आपण मांडू नये, यास धर्म म्हणता येणार नाही. इतर धर्मांतही हीच वाटचाल दिसते. रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत, जाणूनबुजून प्राण देणाऱ्यास धार्मिक अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेत तो निर्बंध उरला नाही.

कायद्याविषयी म्हणाल तर, जुन्या भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमान्वये प्राण देण्याचा प्रयत्न हा गुन्हा होता. इंग्रजांनी हे कलम आपल्यावर लादले, आणि त्यांनी स्वतःच्या देशातील तसा कायदा १९६१ साली रद्द केला; आपण मात्र तो पुढे साठ वर्षे बाळगला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली आहे असे गृहीत धरावे व त्यास उपचार द्यावेत असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्यायसंहिता अमलात आली, तिच्यात ते जुने कलम नाही. पोलीस पंचनामा करतात व शवविच्छेदन होते, त्यामुळे घरच्या माणसांस आपण आरोपी झालो असे वाटते. परंतु कोणत्याही अनैसर्गिक मृत्यूची चौकशी कायद्याप्रमाणे व्हावीच लागते. तेवढ्याने कोणी दोषी ठरत नाही. हे त्या वेळी समजावून सांगणारा एखादा शहाणा ज्ञातिबांधव त्या घरी हजर असेल, तर केवढा आधार होईल!

येणेप्रमाणे धर्मानेही दार उघडे ठेवले, आणि कायद्यानेही उघडले. बंद राहिले आहे ते आपलेच दार.

येथे मला महाभारताच्या आदिपर्वातील वसिष्ठांची कथा आठवते. विश्वामित्रांशी असलेल्या वैरातून वसिष्ठांच्या शंभर पुत्रांचा नाश झाला. ब्रह्मर्षी वसिष्ठ, ज्यांच्या ज्ञानापुढे राजे नतमस्तक होत, ते त्या शोकाने जगण्यास विटले. त्यांनी पर्वतशिखरावरून देह टाकला, अग्नीत प्रवेश केला, समुद्रात गेले, नद्यांत उडी घेतली; परंतु कोणी त्यांस स्वीकारले नाही. एका नदीने त्यांचे पाश सोडविले म्हणून तिचे नाव विपाशा पडले, तीच आजची बियास. दुसरी शंभर वाटांनी पळाली म्हणून ती शतद्रू, आजची सतलज. अखेर आश्रमाकडे परतत असता त्यांच्या कानी वेदघोष आला. मागून येणाऱ्या विधवा सुनेच्या, अदृश्यंतीच्या, उदरातील बालकाचा तो स्वर होता. आपल्या वंशाचा अंकुर जिवंत आहे हे कळताच वसिष्ठ मागे फिरले आणि जगले. तेच बालक पुढे पराशर ऋषी झाले.

या कथेतून मी दोन गोष्टी घेतो. पहिली ही की, अपत्यशोकात ‘आता जगू नये’ असे वाटणे हे दुबळ्या मनाचे लक्षण नव्हे. ते वसिष्ठांसही वाटले. अशा घरातील माणसांच्या मनात तोच विचार येण्याचा धोका इतरांहून अधिक असतो, असे डॉक्टर सांगतात. तेव्हा असा विचार मनात घर करू लागला, आठवडेच्या आठवडे झोप व अन्न गेले, तर तो आजार समजून त्वरित डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री, पैसे न पडता, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपण सर्वांनी घरी भिंतीवर लिहून ठेवावा. तो शोकग्रस्तांसाठी आहे, तसाच मनातल्या मनात कुढणाऱ्या मुलामुलींसाठीही आहे. कोणी ‘जगावेसे वाटत नाही’ असे म्हणाले, तर त्यास थेट व प्रेमाने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे.

दुसरी गोष्ट ही की, वसिष्ठांस उपदेशाने परत फिरविले नाही. त्यांस परत फिरविले ते मागून येणाऱ्या एका जिवंत स्वराने. शोकाकुल माणसास तत्त्वज्ञान नको असते. ‘मी आहे’ असे सांगणारा आवाज हवा असतो.

गौतम बुद्धांच्या चरित्रातील किसा गोतमीची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. मृत बाळ कवटाळून औषध मागणाऱ्या त्या मातेस भगवंतांनी प्रवचन दिले नाही. ज्या घरी कधी मृत्यू झाला नाही अशा घरून मोहरी आण, एवढेच सांगितले. ती दारोदार फिरली. प्रत्येक दाराशी कोणी तरी तिला आपल्या घरचे दुःख सांगितले, आणि ते ऐकता ऐकता तिचे मन सावरले. ही गोष्ट सांगताना आपण मृत्यूच्या अटळतेवर भर देतो. मी आपले लक्ष दुसरीकडे वेधतो. त्या गावातील लोकांनी दारे उघडली! कोणी तिला पाहून आत गेले असते, कोणी कुजबुजले असते, तर ती मोहरीच्या शोधातच वेडी झाली असती.

हाच अनुभव आधुनिक काळात इंग्लंडातील कॉव्हेन्ट्री या शहरी आला. १९६८ साली तेथील रुग्णालयात थोड्या अंतराने दोन मुलगे दगावले. एक अपघाताने, दुसरा आजाराने. रुग्णालयातील तरुण धर्मोपदेशक सायमन स्टीफन्स यांच्या ध्यानात आले की, त्या दोन मुलांच्या आईबापांनी एकत्र बसून एकमेकांस जो धीर दिला, तो देणे त्यांना स्वतःस शक्य नव्हते. त्यातून १९६९ साली ‘कम्पॅशनेट फ्रेंड्स’, म्हणजे करुणामय मित्र, ही संस्था उभी राहिली. मूल गमावलेल्या आईबापांनीच तशा आईबापांस आधार द्यावयाचा, हा तिचा एकमेव मंत्र. पुढे ती अमेरिकेत व इतर अनेक देशांत पसरली, आणि आपल्या हाताने गेलेल्या मुलांचे आईबापही तिच्या बैठकांत इतरांच्या शेजारी बसू लागले. अमेरिकेत डेनिस क्लास नावाच्या अभ्यासकांनी या संस्थेतील आईबापांचा अनेक वर्षे अभ्यास केला. गेलेल्या माणसाशी असलेले नाते तोडल्यावाचून शोक संपत नाही, असे पूर्वी मानसशास्त्र सांगत असे. क्लास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, नाते तुटत नाही व तोडावेही लागत नाही. ते रूप बदलून सोबत राहते, आणि माणूस त्यासह पुन्हा जगू लागतो. वर्षातून एकदा गेलेल्यांचे नाव घेऊन पान मांडणाऱ्या आपल्या समाजास यात नवल वाटू नये.

आता आपण काय करावे, हे मी थोडक्यात सांगतो.

पहिले कर्तव्य, समाचारास जावे. अशा घरी जाण्यास माणसे कचरतात. काय बोलावे ते सुचत नाही. काहीच बोलू नये. शेजारी बसावे, पाणी द्यावे, चूल पेटेल असे पाहावे. ‘कसे झाले?’ हे विचारू नये. त्याने आईबापांस तो क्षण पुन्हा भोगावा लागतो. शिवाय मृत्यूच्या रीतीचा तपशील तोंडोतोंडी पसरल्याने इतर कोवळ्या मनांवर विपरीत परिणाम होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेही वृत्तपत्रांस तो न छापण्याविषयी बजावले आहे. ‘देवाची इच्छा’, ‘दुसरे मूल आहे ना’, ‘विसरा आता’ ही वाक्येही टाळावीत.

दुसरे, तेराव्यानंतर जावे. पहिले तेरा दिवस घर भरलेले असते. खरे ओकेपण त्यानंतर येते. तिसऱ्या महिन्यात, मुलाच्या वाढदिवशी, दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दिवशी, पहिल्या गणपतीस, पहिल्या दिवाळीस कोणी तरी त्या घरी जावे, आणि मुलाचे नाव घेऊन बोलावे. नाव घेतल्याने आईच्या डोळ्यांस पाणी येईल. येऊ द्यावे. ते आपण आणलेले नसते. ते तेथे होतेच, आपण त्यास वाट दिली एवढेच.

तिसरे कर्तव्य वधूवर सूचक समितीचे. भावाने वा बहिणीने असे केले म्हणून त्या घरची स्थळे नाकारली जातात, जुळलेली मोडतात, हे आपण पाहतो. एका घावाने खचलेल्या घरावर हा दुसरा घाव होय, आणि तो दैवाचा नसून आपल्या हातचा आहे. मुलाचे वा मुलीचे गुण पाहावेत, आरोग्य पाहावे. शोकास कुळाचा दोष मानू नये.

चौथे, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण दरवर्षी थाटाने करतो. तो अवश्य करावा. परंतु जे मूल नापास होऊन पुन्हा परीक्षेस बसले व उत्तीर्ण झाले, त्याच्याही पाठीवर याच व्यासपीठावर एक हात फिरावा. आपल्या ज्ञातीत आपली किंमत गुणपत्रिकेवर ठरत नाही, हे सभागृहात बसलेल्या प्रत्येक मुलास त्यातून कळेल.

पाचवे, ज्या घरांवर असा प्रसंग आला आहे, त्यांच्यापैकी इच्छुक आईबापांनी दोन महिन्यांतून एकदा कोणाच्या तरी घरी एकत्र बसावे. त्यास कार्यालय नको, वर्गणी नको, ठराव नको. चहाचा पेला आणि ऐकणारे कान एवढे पुरेत. प्रारंभी दोनच घरे आली तरी चालेल. कॉव्हेन्ट्रीतही दोनच होती. आमच्या घरचे दार यासाठी उघडे आहे.

आणि शेवटची विनंती या स्मरणिकेच्या संपादक मंडळास. वर्षभरात दिवंगत झालेल्या ज्ञातिबांधवांची श्रद्धांजलीची यादी आपण दरवर्षी छापतो. आपल्या हाताने गेलेल्या मुलामुलींची नावे त्या यादीत बहुधा नसतात, किंवा असल्यास पुढे ‘अल्पशा आजाराने’ असे लिहिलेले असते. घरच्या मंडळींची संमती घ्यावी, आणि ती मिळाल्यास ते नाव इतर सर्व नावांबरोबर, त्याच टाइपात, त्याच काळ्या चौकटीत छापावे. कारण लिहूच नये. कोणाच्याच नावापुढे लिहू नये. पूर्वजांनी पितृपक्षात ज्यांना तिथी दिली, त्यांना आपण निदान एक ओळ द्यावी. छापलेले ते नाव पाहून एखादी आई बोट फिरवील, आणि आपले लेकरू आपल्या माणसांनी टाकले नाही, एवढे तिला कळेल.